रात्रीचं ताट सकाळकडे सरकवताना: वजनं उचलणाऱ्याच्या जेवणाचे चौदा आठवडे

आधी चौदा दिवस काहीही बदलायचं नाही, फक्त लिहायचं. २ जून २०२५, सोमवार, ते १५ जून. रोजचं तेच खायचं, पण पोटात जाण्याआधी वजन करून वहीत उतरवायचं. त्यासाठी कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीतून पाच किलोपर्यंतचा डिजिटल काटा आणला, ४५० रुपये. एका ग्रॅमपर्यंत दाखवणारा साधा काटा पुरतो, सोनाराचा लागत नाही. घरातून पहिली प्रतिक्रिया आली ती अशी: "आता जेवण पण तागडीत घालून खाणार व्हय?"

हो, पण सगळं नाही. धान्य, डाळ, कडधान्य कच्चं असतानाच मोजायचं. १०० ग्रॅम तांदळाचा भात पाणी किती घातलं त्यानुसार अडीचशे ग्रॅम होतो नाहीतर तीनशे, म्हणून शिजलेल्या भाताचं वजन काही सांगत नाही. तांदूळ आजऱ्याचा घनसाळ असो की इंद्रायणी, कच्च्या १०० ग्रॅमला कार्ब (कर्बोदकं) साधारण ७८ ग्रॅम धरायचे. चपातीला सोपी युक्ती आहे: पूर्ण परातीतलं पीठ एकदा मोजायचं आणि चपात्यांच्या संख्येनं भागायचं. आमच्याकडे एका चपातीला ३० ग्रॅम पीठ निघालं, एका भाकरीला ६५. चिकन हाडासकट आणलं तर तिसरा हिस्सा हाडाचा समजून वजा करायचा.

तेलावर मात्र सगळ्यांची वही फसते. फोडणीत किती गेलं आणि आपल्या वाटीत किती आलं, हे कोण मोजणार? म्हणून ते महिन्यावर काढलं. चार माणसांच्या घरात महिन्याला साडेतीन लिटर तेल, म्हणजे सुमारे ३,२०० ग्रॅम. चार जणांत आणि तीस दिवसांत वाटलं की माणशी रोज २७ ग्रॅम. जवळजवळ २४० कॅलरी, ज्या कुणाच्याच वहीत नसतात. हा आकडा रोजच्या पानावर आधीच लिहून ठेवायचा आणि मग बाकीचं मांडायचं.

चौदा दिवसांची सरासरी अशी आली: २,३५० कॅलरी, ६२ ग्रॅम प्रोटीन, वजन ७४ किलोवर स्थिर. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत निरोगी प्रौढाला वजनाच्या किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रोटीन सांगितलंय. ७४ किलोला ते ६१ येतं. म्हणजे ताट वाईट नव्हतं, खुर्चीवर बसून काम करणाऱ्या माणसाला पुरेसं होतं. आठवड्याला चार दिवस वजनांचा बार उचलणाऱ्याला ते अपुरं. ताकदीचा व्यायाम करणाऱ्यांसाठी किलोमागे १.४ ते २ ग्रॅम हा सर्वमान्य पट्टा आहे, आणि १.६ च्या पुढे सहसा फारसा जादा फायदा दिसत नाही.

पण मला जास्त बोचला तो वाटणीचा आकडा. सकाळी ६ ग्रॅम, दुपारी १७, संध्याकाळी ४ आणि रात्री ३५. निम्म्याहून जास्त प्रोटीन रात्री साडेनवाला, बहुतेक घरांत असतं तसंच. सकाळी चहा-खारी, दुपारी डबा, पाचला चहाबरोबर वडा, साडेसहाला व्यायाम आणि मग रात्री भाकरी, सुक्कं, रस्सा, भात. स्नायू एका वेळी वजनाच्या किलोमागे ०.२५ ते ०.४ ग्रॅम प्रोटीन चांगलं वापरतात, म्हणजे ७४ किलोला २० ते ३० ग्रॅम. रात्रीचं जादा प्रोटीन वाया जात नाही, पण सकाळ-दुपारची भूक ते भरून काढत नाही. पुढचे चौदा आठवडे म्हणजे बहुतांशी हेच काम होतं: रात्रीच्या ताटातला वाटा उचलून सकाळच्या ताटात ठेवणं.

त्याआधी रक्त तपासलं आणि तिथे पहिली चूक झाली. १२ जूनला गुरुवारी संध्याकाळी जड डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं), आणि १३ ला सकाळी उपाशीपोटी लॅब. पॅकेज १,८०० रुपये. दुसऱ्या दिवशी रिपोर्टमध्ये यकृताच्या तपासणीतली दोन एन्झाइम वर: एसजीओटी ७८, एसजीपीटी ५२. दोन्हीपुढे बाण. डॉक्टरांनी आधी विचारलं, "घेता का?" घेत नाही म्हटल्यावर व्यायामाचं विचारलं, मग उलगडा झाला. एसजीओटी यकृताप्रमाणे स्नायूंतही असतो, आणि जड व्यायामानंतर स्नायूंतून तो रक्तात उतरतो. यकृताच्या तपासणीतलाच जीजीटी स्नायूंतून येत नाही, तो नॉर्मल होता, त्यामुळे बोट यकृताकडे जात नव्हतं. पूर्ण आठवडा बार न उचलता २० जूनला फेरतपासणी: एसजीओटी ३४. जादा खर्च ३५० रुपये आणि आठ दिवसांची विनाकारण धाकधूक. रक्त द्यायचं असेल तर आधी निदान पाच-सात दिवस जड व्यायाम नको, आणि क्रिएटिन (वजनं उचलणारे घेतात ती पूरक पावडर) चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगायचं. त्यानं क्रिएटिनिनचा आकडा थोडा वर दिसू शकतो आणि किडनीची उगाच शंका येते.

डी जीवनसत्त्व १४ निघालं, बी-१२ काठावर. डीची ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक, आठ आठवडे, डॉक्टरांनी लिहून दिली. ती जेवणाबरोबर घ्यायची, कारण हे जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थासोबत नीट शोषलं जातं. मित्राला दिली म्हणून आपणही दुकानातून आणून घ्यायची गोष्ट ही नव्हे, ती अंगात साठते.

आहारतज्ज्ञाची ओपीडी फक्त मंगळवार आणि शुक्रवार. १७ जूनला साडेनऊला केसपेपर काढला, ३४ वा नंबर, आत जायला बारा वाजून दहा मिनिटं. टेबलावरून छापील कागद मिळाला: १,५०० कॅलरी, बिनसाखरेचा चहा, एक भाकरी. मधुमेहाच्या रुग्णासाठीचा कागद होता तो, रांगेत बहुतेक तेच होते. वही दाखवल्यावर बाईंनी कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर पेनानं लिहिलं: सकाळी ३०, दुपारी ३०, व्यायामाआधी कार्ब, रात्री ४०. पाच मिनिटांत एवढं मिळालं, तेही चौदा दिवसांचा सारांश एका पानावर तयार होता म्हणून. पूर्ण वही पुढे टाकली तर कुणी वाचत नाही. सारांशात वजन, व्यायामाची वेळ, दिवसाची सरासरी आणि कोणत्या जेवणाला किती प्रोटीन, एवढंच लिहायचं.

मग गणित बसवलं. प्रोटीन १२० ग्रॅम, म्हणजे ४८० कॅलरी. फॅट ७५ ग्रॅम, म्हणजे ६७५. एकूण लक्ष्य २,६५०, म्हणजे वजन टिकवणाऱ्या आकड्यापेक्षा ३०० जास्त. उरलेल्या सुमारे १,५०० कॅलरी कार्बमधून, पावणेचारशे ग्रॅम. वजन वाढवायचंय म्हणून हजार कॅलरी चढवणारे भेटतात, पण स्नायू बनायचा वेग जेवणानं असा ओढता येत नाही. उरलेलं पोटावर जातं.

इथे खुराकाबद्दल बोलायलाच हवं. खासबागच्या कुस्ती मैदानाच्या गावात, जिथल्या तालमीत घडलेले श्रीपती खंचनाळे १९५९ साली पहिले हिंदकेसरी झाले, तिथे व्यायाम म्हटलं की बदामाची थंडाई, तूप आणि कट्ट्यावरचं दूध डोळ्यांपुढे येतं. तो खुराक खोटा नाही. पण तो पहाटे चारला उठून शेकड्यांनी जोर-बैठका मारणाऱ्या आणि संध्याकाळी पुन्हा लाल मातीत उतरणाऱ्या पैलवानाचा आहे. तासाभराच्या जिमवर तोच खुराक लावला की सहा महिन्यांत पँट शिवायला टाकावी लागते. वेटलिफ्टिंगमध्ये तर वजनगटाचा काटा डोक्यावर असतो. २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्यपदकं घेणारे गणेश माळी, ओंकार ओतारी आणि चंद्रकांत माळी कुरुंदवाडचे, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले. त्यांचे गट अनुक्रमे ५६, ६९ आणि ९४ किलो. मोजल्याशिवाय गटात राहता येत नाही.

दुधाचंच घ्या. गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हशीच्या धारेखालचा फेसाळ ग्लास, अंदाजे ३०० मिली: प्रोटीन ११ ग्रॅम, फॅट २० ग्रॅम. चांगलाच पदार्थ, पण व्यायामाआधी तासभर घेतला तर स्क्वॉटच्या (खांद्यावर बार घेऊन बसणं-उठणं) तळाशी तो वर येतो. रात्री झोपताना घ्यावा. आणि उकळून. कच्च्या दुधातून जंतुसंसर्गाचा धोका असतो, उकळल्यानं प्रोटीन कमी होत नाही. धारोष्ण दुधाची ताकद वेगळी, असं म्हणणाऱ्यांशी वाद घालत बसण्यात अर्थ नसतो.

तसाच दुसरा गैरसमज रश्शाचा. चार वाट्या पांढरा वरपला की ताकद आली असं वाटतं. पांढऱ्यात नारळाचं दूध, काजू, तीळ-खसखस, म्हणजे बहुतेक फॅटच. तांबड्यावर तवंग. प्रोटीन राहतं फोडीत. कच्च्या १०० ग्रॅम मटणाला सुमारे २० ग्रॅम. रस्सा एक वाटी, फोडी मोजून.

१६ जूनच्या आठवड्यात व्यायामाच्या दिवसाचं वेळापत्रक असं बसलं. आठवडाभर बार बंद होता तेवढ्यात जेवणाची सवय करून घेतली. साडेसातला तीन अंडी, दोन चपात्या, पाव लिटर दूध साय काढून: ३५ ग्रॅम प्रोटीन. एकला डबा: तीन चपात्या, ४० ग्रॅम सुक्या मटकीची उसळ, १५० ग्रॅम दही, ५० ग्रॅम तांदळाचा भात: २८-२९. पावणेपाचला ६० ग्रॅम पोह्यांचे कमी तेलातले पोहे, मूठभर फुटाणे. सहाला एक केळं. साडेसहा ते पावणेआठ व्यायाम. साडेआठला १५० ग्रॅम बिनहाडाचं चिकन, १०० ग्रॅम तांदळाचा भात, वाटीभर डाळ: ४२ ते ४५. झोपताना पाव लिटर दूध: ९. बेरीज १२० च्या वर जाते.

व्यायामाआधीच्या जेवणाचं तत्त्व एवढंच की पोटातून लवकर उतरेल ते जवळ ठेवायचं आणि उशिरा उतरेल ते लांब. फॅट आणि चोथा, दोन्ही पोट रिकामं व्हायला वेळ लावतात. म्हणून पूर्ण जेवण अडीच-तीन तास आधी, हलका नाश्ता दीड-दोन तास आधी, केळं किंवा गुळाचा खडा अर्धा तास आधी. शिकरण अर्ध्या तासावर जड पडलं, दीड तासावर चाललं. फुटाणे मूठभरच, जास्त झाले की गॅस होतो.

२६ जूनला, गुरुवारी, ऑफिसातल्या एकाचा वाढदिवस म्हणून साडेपाचला मिसळ झाली. एकच प्लेट, कट मात्र दोनदा. साडेसहाला स्क्वॉट. दुसऱ्या सेटला पट्टा आवळून श्वास भरला, पोटावर दाब आला आणि घशाशी लाल आंबट झणका. पट्टा सैल केला की कंबर मोकळी पडते, आवळला की कट वर येतो. चौथा सेट सोडून द्यावा लागला. दोष मिसळीचा नाही, वेळेचा. मटकीत प्रोटीन आहेच, पण तेलाचा तवंग आणि तिखट तासाभरात उतरत नाही. त्यानंतर मिसळ रविवारी सकाळी, व्यायाम नसलेल्या दिवशी.

पहाटे सहाला जिमला जाणाऱ्यांना हे वेळापत्रक उलटं करावं लागतं. त्यांचं व्यायामाआधीचं जेवण म्हणजे आदल्या रात्रीचं ताट. रात्री भात किंवा भाकरी भरपूर, सकाळी उठल्यावर केळं किंवा राजगिऱ्याचा लाडू आणि हवी तर कॉफी, मग आठला अंडी-चपातीचा भरपेट नाश्ता. रात्री "कार्ब बंद" करून पहाटे रिकाम्या पोटी जड डेडलिफ्ट करणाऱ्यांना चक्कर का येते, याचं कोडं तिथेच सुटतं. व्यायामानंतर अर्ध्या तासात शेक प्यायलाच हवा, ही धावपळ मात्र अनावश्यक. आधीचं जेवण नीट झालं असेल तर नंतरचं तास-दीड तासात झालं तरी चालतं. रस्त्यात पाऊस लागला म्हणून शेकर हलवत आडोशाला उभं राहायची गरज नाही.

६ जुलैला आषाढी एकादशी, रविवार. साबुदाण्याची खिचडी म्हणजे कार्ब, शेंगदाण्यांचं फॅट आणि नावापुरतं प्रोटीन. भगर, दही, पनीर, दूध असं धरून ८० ग्रॅमपर्यंत पोहोचता आलं. एक दिवस ८० झालं म्हणून काही बिघडत नाही, फक्त उपवासाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जड सेट ठेवू नये.

वजन रोज सकाळी, शौचानंतर, पाणी पिण्याआधी करायचं, पण बघायची ती आठवड्याची सरासरी. एका दिवसाचा आकडा मीठ, पाणी आणि रात्रीच्या भातावर किलोभर हलतो. १३ जुलैपर्यंत सरासरी ७४ वरून ७४.६ झाली, आठवड्याला दीडशे ग्रॅम, हवी तशी. मग दोन आठवडे काटा तिथेच. इथे बहुतेक जण पावडर बदलतात. मी वही चाळली तर कारण सापडलं: व्यायामाच्या आठ दिवसांत पाच वेळा पावणेपाचचा नाश्ता झालाच नव्हता. पावसामुळे बाहेरून पोहे आणायला कुणी जात नव्हतं आणि डब्यातले पोहे तोपर्यंत कोरडे होऊन घशात अडकायचे. उपाय म्हणून बॅगेत कायमचा सुका डबा ठेवला: चार खजूर, दोन राजगिऱ्याचे लाडू, ३० ग्रॅम फुटाणे. त्यातून साडेतीनशेच्या आसपास कॅलरी मिळतात. पावसाळ्यात तहानही लागत नाही, पण बंद जिममध्ये घाम निथळतोच. लघवी गडद दिसली तर पाणी कमी पडतंय. व्यायामाच्या वेळी अर्धा लिटर साधं पाणी, घाम फार असेल तर लिंबू-मीठ. तास-सव्वातासाच्या व्यायामात साखरेची रंगीत पेयं लागत नाहीत.

२४ जुलैच्या गटारीला फोडी मोजल्या नाहीत, हे कबूल.

दुसऱ्या दिवसापासून श्रावण. घरात अंडी-चिकन महिनाभर बंद, म्हणजे दिवसाचं पन्नासेक ग्रॅम प्रोटीन एका झटक्यात गेलं. सगळ्यात जास्त विचार करावा लागला तो इथे. सकाळी ७० ग्रॅम मूगडाळीची धिरडी, दही आणि दूध: ३० ग्रॅम. डब्यात उसळ ५० ग्रॅमवर नेली. रात्री सोयाबीनच्या वड्या, सुक्या ४० ग्रॅम: २१ ग्रॅम प्रोटीन, तेही वीस रुपयांच्या आत. पनीर १०० ग्रॅमला १८ ग्रॅम देतं, पण फॅटही तेवढंच किंवा थोडं जास्तच, म्हणून ते आठवड्यातून दोनदा.

सोयाच्या वड्या खाल्ल्या जात नाहीत त्या वासामुळे. तो वास पाण्यात उतरतो, आणि ते पाणी काढलं जात नाही, ही खरी अडचण. उकळत्या पाण्यात मीठ घालून वड्या सात-आठ मिनिटं शिजवायच्या, चाळणीत ओतायच्या, थंड पाणी घालायचं आणि मुठीत धरून पिळायच्या. पहिलं पाणी पिवळट आणि फेसाळ निघतं. पुन्हा थंड पाणी, पुन्हा पिळायच्या. तिसऱ्या वेळी पाणी जवळजवळ स्वच्छ येतं आणि वडी स्पंजासारखी हलकी होते. मग अर्धा तास दही-हळद-मिठात. दोनदाच पिळलं तर कोल्हापुरी मसाल्याखालूनही वास डोकावतो. कांदा-लसूण चालत नसेल त्या दिवशी सुकं खोबरं, तीळ, धणे, लवंग आणि संकेश्वरी मिरची भाजून वाटण करायचं. चव जमते, फक्त खोबरं हात राखून. उसळींनी गॅस होतो ही तक्रारही बरीचशी भिजवण्याची आहे: आठ-दहा तास भिजवायचं, पाणी फेकायचं, मोड आणायचे, आणि मात्रा एका दिवसात दुप्पट करायची नाही. जेवणाला लागून चहा घेतल्यानं कडधान्य-भाज्यांतलं लोह कमी शोषलं जातं. तासभर थांबावं आणि ताटात लिंबाची फोड असावी.

उरलेल्या २४ ग्रॅमसाठी व्हे पावडर (दुधापासून काढलेलं प्रोटीन) घेतली, किलोभर, २,६०० रुपये, तीस दिवस. पहिला डबा परत करावा लागला. झाकणाखालचं सील एका बाजूला सुटलेलं होतं, आणि दुकानदार म्हणत होता, "वाहतुकीत होतं तसं." पक्कं बिल हातात होतं म्हणून परत घेतला, पण नऊ दिवस आणि तीन फेऱ्या गेल्या. डबा घेताना दुकानातच बघायचं: एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी परवाना क्रमांक, बॅच नंबर, उत्पादनाची आणि मुदतीची तारीख, परदेशी असेल तर आयातदाराचं नाव-पत्ता असलेलं लेबल. परवाना क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर टाकून कुणाच्या नावावर आहे ते तिथल्या तिथे कळतं. मग घटकांची यादी. ग्लायसिन, टॉरिन अशी सुटी अमिनो आम्लं यादीत दिसली तर सावध व्हायचं. प्रोटीनची चाचणी बहुधा नायट्रोजन मोजून होते आणि ही स्वस्त द्रव्यं नायट्रोजनचा आकडा फुगवतात. एका मापात ३३ ग्रॅम पावडर आणि त्यात २४ ग्रॅम प्रोटीन हे प्रमाण ठीक. ७० ग्रॅमच्या मापात १५ ग्रॅम प्रोटीन असलेला "गेनर" म्हणजे महागडी साखर. त्यापेक्षा गूळ-शेंगदाणे बरे.

क्रिएटिन २८ जुलैपासून रोज ३ ग्रॅम. ते मुख्यतः मांस-माशांतून मिळतं, म्हणून शाकाहारात त्याचा फरक जास्त जाणवू शकतो. वेळेला महत्त्व नाही, रोज घेण्याला आहे. १० ऑगस्टपर्यंत सरासरी एकदम ७५.६ झाली. घाबरून भात कमी करू नये, बरंचसं ते स्नायूंतलं पाणी असतं.

२७ ऑगस्टला गणपती. दहा दिवस जागरणं, महाप्रसाद, मंडळाची कामं. त्या आठवड्यात वजनं निम्म्यावर आणली आणि जेवणाची वही बंद ठेवली, फक्त सकाळची अंडी सोडली नाहीत. उकडीचा मोदक म्हणजे तांदूळ, गूळ, खोबरं. व्यायामानंतर दोन खाल्ले तर चांगलेच. नंतर पितृपक्षात म्हाळाची जेवणं. दुपारी खीर-वडे झाले की त्या संध्याकाळी साडेसहाचा व्यायाम साडेसातला, नाहीतर दुसऱ्या दिवशी.

२१ सप्टेंबरला, सर्वपित्रीला, चौदा आठवडे पूर्ण झाले. वजनाची सरासरी ७६.४, कंबर दीड सेंटिमीटर वाढलेली. पाच-पाचचा (पाच सेट, प्रत्येकी पाच वेळा) स्क्वॉट ९५ वरून १०७.५ किलोवर. यात व्यायामाच्या आखणीचा वाटा मोठा, जेवणाचा किती ते वेगळं काढता येत नाही. शेवटच्या सेटला डोळ्यांपुढे अंधारी यायची ती थांबली, हे मात्र पावणेपाचच्या डब्याच्या नावे लिहितो. खर्च नेहमीच्या महिन्यात अंडी ६३०, चिकन १,३२०, दूध १,०८०, केळी २५०, कडधान्य १५०. साधारण ३,४०० रुपये, त्यातला निम्मा घरात आधीही होतच होता. श्रावणात पावडर आणि सोया धरून त्याहून जास्त.

२२ ला घटस्थापना आणि नवरात्राचा उपवास. त्यासाठी ताट आधीच मांडून ठेवलंय: सकाळी ६० ग्रॅम राजगिऱ्याच्या पिठाचं थालीपीठ, २०० ग्रॅम दही. दुपारी ८० ग्रॅम भगर, शेंगदाण्याची आमटी. पाचला २०० ग्रॅम उकडलेलं रताळं आणि केळं. व्यायामानंतर उरलेल्या पावडरीचं एक माप. रात्री १५० ग्रॅम पनीर आणि दिवसभरात मिळून अर्धा लिटर दूध. प्रोटीन १०० ग्रॅमच्या आसपास जातं, उपवासापुरतं तेवढं पुरे. जड स्क्वॉट पहिल्या दोन दिवसांतच उरकायचे. आणि पनीर डेअरीत आदल्या दिवशी सांगून ठेवायचं, नवरात्रात ते संध्याकाळपर्यंत शिल्लक राहत नाही.